मेणातली जनावरं

मागच्या उन्हाळ्यात एका तरुण संशोधकाचा फोन आला. दक्षिणेतल्या एका विद्यापीठात तो गुरांच्या कर्करोगावर काम करतो. त्याला बुंदेलखंडातल्या बैलांच्या शिंगाच्या कर्करोगाचे जुने नमुने हवे होते, 1980च्या आसपासचे मिळाले तर फारच बरं. माझ्या एका जुन्या निबंधाच्या शेवटी त्याने वाचलं होतं की सगळ्या गाठींचे पॅराफिन ब्लॉक जपून ठेवले आहेत. ते वाक्य मीच लिहिलेलं, आणि लिहिलं तेव्हा खरं होतं. "आता त्यातलं काही उरलं नाही, बाळा," एवढंच सांगायचं होतं. पण माझा आवाज चढला, आणि ज्याचा काडीचा दोष नाही अशा त्या मुलाने सगळं निमूट ऐकून घेतलं. इतकी वर्षं झाली तरी हा राग उतरत नाही. उतरावा असं मला वाटतही नाही.

मागचं थोडक्यात सांगते. आम्ही झाशीचे. नेवाळकरांच्या अमदानीत आलेली मराठी घरं जुन्या शहरात आहेत. आमचं त्यातलं नव्हे. आजोबा जी. आय. पी. रेल्वेत नोकरीला लागले म्हणून इकडे आले आणि लाइनीच्या या अंगाला सीपरी बाज़ारात राहिले. शिवपुरीचं जुनं नाव सीपरी, तिकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा हा बाज़ार. घरात मराठी, दाराबाहेर बुंदेली, शाळेत हिंदी. लहानपणी शिवपुरी रस्त्याने बैलगाड्या यायच्या, धान्याच्या, भुशाच्या, लाकडांच्या. बैल सोडून गाडीवान सावलीला बसत आणि आम्ही मुलं बैलांभोवती. मला जनावरांची भीती कधी वाटली नाही, एवढ्या एका गुणावर मी मथुरेच्या पशुवैद्यक महाविद्यालयात गेले. ते 1947 साली सुरू झालेलं. माझ्या वेळी तिथे मुली हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. पुढे इज्जतनगरला पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलं. इज्जतनगरची ही संस्था मुळात 1889 साली पुण्यात सुरू झाली, मग मुक्तेश्वरच्या डोंगरात गेली आणि तिथून बरेलीजवळ आली, हे पुण्याच्या लोकांनाही फारसं माहीत नसतं. त्यानंतर सरकारी नोकरी, बदल्या, आणि एका प्रयोगशाळेत स्थिरावणं. त्या प्रयोगशाळेचं नाव मी लिहिणार नाही. तिथे आता वेगळी माणसं आहेत.

शिंगाचा कर्करोग म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकाला सांगायलाच हवं, कारण आज बैलच कुणी पाहत नाही.

सुरुवातीला बैल डोकं झटकतो. मान एका बाजूला कलती ठेवतो, शिंग खांबाला, झाडाला घासतो. मालकाला वाटतं, मार बसला असेल, माशी गेली असेल. मग एका नाकपुडीतून, रोगट शिंगाच्याच बाजूच्या, रक्त मिसळलेला घाण वासाचा स्राव येऊ लागतो. शिंगाचं बूड हाताला मऊ आणि गरम लागतं. शिंग हलतं, कलतं, लोंबतं आणि एक दिवस गळून पडतं. आत फुलकोबीसारखी वाढलेली, हात लावताच रक्ताळणारी गाठ. उन्हाळ्या-पावसाळ्यात तोवर तिच्यात अळ्या पडलेल्या असतात. माणसं जनावर घेऊन येत ती बहुतेक या टप्प्यावर. "बाई साब, जौ बैल मूड़ हलाउत है," असं सांगणारा म्हातारा लवकर आला तर मला आनंद व्हायचा, कारण नुसतं डोकं हलवणारा बैल अजून वाचवता येतो.

बाहेर दिसतं ते शिंग मृत केराटिनचं, नखं ज्याची बनतात त्याचंच. त्याला कर्करोग होत नाही. त्याच्या आत हाड असतं आणि मोठ्या जनावरात ते हाड पोकळ असतं. कपाळातली हवेची पोकळी, सायनस, थेट शिंगात शिरलेली असते. त्या पोकळीला नाकाच्या आत असतं तसलं ओलं अस्तर असतं, उभ्या पेशींचं, वर बारीक हलणारी रोमं असलेलं. वर्षानुवर्षं त्रास होत राहिला की या उभ्या पेशींच्या जागी चपट्या, थरावर थर रचणाऱ्या पेशी येतात. मग त्यातल्या काही बेताल वाढू लागतात. सिगारेट ओढणाऱ्या माणसाच्या श्वासनलिकेत जे घडतं तेच हे. पेशींचा प्रकार तोच, बदलांचा क्रमही तोच. पहिल्यांदा हे दोन्ही शेजारी-शेजारी पाहिलं तेव्हा मी सूक्ष्मदर्शकावरून उठून बाहेर व्हरांड्यात फेऱ्या मारल्या होत्या.

आणि हा रोग मुख्यतः आपला आहे. वशिंड असलेल्या देशी गुरांचा, त्यातही बैलांचा. गाईंना कमी होतो, खच्ची न केलेल्या वळूंना क्वचित, म्हशींना फारच क्वचित. गुजरातेकडच्या मोठ्या शिंगांच्या कांकरेज बैलांत तो खूप नोंदला गेला. आमच्याकडे केन नदीकाठची केनकथा जात, चिवट, ओढकामाची. त्या बैलांच्या शिंगांचे तुकडे माझ्याकडे यायचे. कारण काय? खच्चीकरणाने बिघडणारी संप्रेरकं, शिंगांना बांधलेले दोर, शिंगं साळणं, ऊन, वय, वंश, एखादा विषाणू, या सगळ्यांकडे बोट दाखवलं गेलं आहे. महाराष्ट्रात पोळ्याला शिंगं साळून, वार्निश फासून, बेगड लावून, शेंब्या चढवून बैल मिरवतात. मला तो सण फार आवडतो. तरीही पोळ्याचा फोटो पाहिला की माझी नजर आधी शिंगाच्या बुडाकडे जाते.

उपाय होते. शिंग बुडापासून कापायचं, आतली गाठ खरवडून काढायची आणि कातडीची झडप ओढून भोक शिवून टाकायचं. बैल पुन्हा औताला जुंपलेले मी पाहिले आहेत. त्याहून विलक्षण गोष्ट म्हणजे त्याच बैलाच्या गाठीचा फिनॉलमध्ये अर्क काढून तो त्याच बैलाला टोचण्याचे प्रयोग आपल्या देशात झाले, आणि काही बैलांच्या गाठी आक्रसल्या. ऑस्ट्रेलियात गाईंच्या डोळ्यांच्या कर्करोगावर असे अर्क वापरून पाहिले गेले. शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगावर सोडायचं, ही आज माणसांच्या इस्पितळांत लाखो रुपयांना मिळणारी कल्पना. आमच्याकडे ती गोठ्यात, पंधरा-वीस रुपयांच्या बाटलीत होती. ती का कुणाला बरं करते आणि का कुणाला करत नाही, हे नीट शोधलं गेलं नाही.

माझे धाकटे काका रेल्वेत गार्ड होते. डाव्या तळहातावर तंबाखू-चुना मळायचा आणि गालात धरायचा, ही त्यांची सवय मला समजायला लागल्यापासूनची. गालाच्या आत पांढरा चट्टा आला, मग न भरणारी जखम. बायोप्सी झाली. ज्या पॅथॉलॉजिस्टने ती पाहिली, त्यांनी मला शेजारच्या स्टुलावर बसवून काच दाखवली. मी पाहिलं आणि गप्प बसले. चपट्या पेशींची बेटं, मध्ये गुलाबी गोल गोल केराटिनचे मोती. मागच्याच आठवड्यात मऊरानीपूरकडच्या एका बैलाच्या शिंगातले मोती मी असेच पाहिले होते. दोन्ही काचांवरची चिठ्ठी काढून टाकली असती तर कोण काका आणि कोण बैल हे सांगताना माझ्यासारखीलाही वेळ लागला असता. हे मी घरात कुणाला सांगितलं नाही. काकूंना ते ऐकवलं नसतं. काका फार काळ राहिले नाहीत.

तोवर मला 'तुलनात्मक' कर्करोगशास्त्र या शब्दाचा थोडा राग होता. बैलाचं दुखणं माणसाच्या दुखण्याशी जुळलं तरच त्याला किंमत, असं त्यातून ऐकू यायचं. काकांची काच पाहिल्यावर मी स्वतःच अर्जांमध्ये लिहू लागले की या संशोधनाचा मानवी मुखकर्करोगाच्या आकलनासाठी उपयोग होईल. असं लिहिलं की पैसे मंजूर होण्याची शक्यता वाढायची, हेही खरं. पण मला ते मनापासून पटतही होतं.

मुखकर्करोगावर आपल्या देशात काम करायचं तर पहिलं नाव वसंत रामजी खानोलकरांचं. परळचं टाटा रुग्णालय 1941 साली उघडलं, आणि 1944 साली खानोलकरांनी मुंबईतल्या लागोपाठच्या एक हजार मुखकर्करोग रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. एक हजार! काचा, नोंदी, सवयी, जात, धंदा, जेवण. पुढे 1952 साली परळलाच भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघालं, त्याचे ते पहिले संचालक. तिथे पुण्याच्या कमल रणदिवे होत्या, फर्ग्युसनच्या विद्यार्थिनी, उंदरांच्या स्तनाच्या कर्करोगावर आयुष्य घालवलेल्या. उंदरीण पिलाला पाजते त्या दुधातून कर्करोगाचं कारण पुढच्या पिढीत जातं, हे अमेरिकेत बिटनरने 1936 साली दाखवलं होतं. रणदिव्यांनी वंश, संप्रेरक आणि विषाणू हे धागे एकत्र धरून काम केलं. त्यांचे निबंध मी इज्जतनगरच्या वाचनालयात हाताने उतरवून घेतले होते. 1982 साली त्यांना पद्मभूषण मिळालं, ती बातमी मी आईला मोठ्याने वाचून दाखवली.

एकदा मला परळला शिकायला जाता आलं. मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय 1886 पासून परळलाच आहे, बाई साकरबाई पेटिट जनावरांचं रुग्णालय त्याच आवारात, आणि टाटा रुग्णालय तिथून पायी जाण्यासारखं. कुत्रीच्या स्तनाच्या गाठीची काच एका पर्समध्ये आणि माणसाची काच दुसऱ्या हातातल्या डबीत, अशी मी त्या रस्त्याने चालले आहे. मला वाटलं होतं, आता असंच होईल. दोन्ही बाजूचे लोक एका टेबलाशी बसतील.

आता त्या पॅराफिन ब्लॉककडे, आमच्या भाषेत ठोकळ्यांकडे, येते, आणि यावर मी लांबण लावणार आहे.

गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकायचा, मग चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून त्यातलं पाणी काढायचं, झायलीनमधून न्यायचा आणि वितळलेल्या पॅराफिन मेणात बसवायचा. थंड झाला की ठोकळा तयार. मायक्रोटोमवर त्याचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे पापुद्रे काढायचे, काचेवर घ्यायचे, रंगवायचे. एवढं झाल्यावर ठोकळ्यातला बराच भाग शिल्लक राहतो. तो कुजत नाही. वर्षानुवर्षं टिकतो. आम्ही प्रत्येक ठोकळ्याला क्रमांक द्यायचो आणि रजिस्टरमध्ये लिहायचो: गाव, जात, वय, बैल की गाय, डावं शिंग की उजवं, कधीपासून, कोणत्या कामाला जुंपलेला. आमचे लॅब अटेंडंट फार शिकलेले नव्हते, पण त्यांच्या हातचा ठोकळा म्हणजे चारही कडा सरळ आणि तुकडा बरोबर मध्ये. पंचवीसहून जास्त वर्षांचं हे काम. त्यात बुंदेलखंडातली शेकडो जनावरं होती, त्या काळातली, जेव्हा घरोघर बैल होता. 1980च्या दशकात मेणातल्या तुकड्यातूनही डीएनए काढता येतो हे सिद्ध झालं, तेव्हा मी अटेंडंट काकांना पेढे आणून दिले. म्हटलं, तुमच्या कपाटाचं मोल आता कळेल.

2000 नंतरच्या दशकात प्रयोगशाळा नव्या इमारतीत हलवायची ठरली. जुन्या इमारतीतलं काय न्यायचं आणि काय निकाली काढायचं, यासाठी समिती नेमली. मी समितीत नव्हते. माझ्या पुतणीचं लग्न झाशीला होतं, त्यासाठी मी रजेवर सीपरी बाज़ारात आले होते. जाण्याआधी समितीच्या अध्यक्षांना भेटून, हात जोडून सांगितलं होतं की पॅथॉलॉजीची चार कपाटं आहेत तशी, कुलूपबंद, उचलून न्यायची आहेत. "हो हो, मॅडम," म्हणाले.

परत आले तर कपाटं नव्हती. लोखंडी, पन्हाळीच्या खणांची कपाटं. ती 'निष्प्रयोज्य सामग्री'च्या यादीत टाकून लिलावात विकली गेली. विकायची म्हणजे रिकामी हवीत, म्हणून खण ओतून घेतले होते. पोत्यांत. काही पोती कचऱ्याच्या गाडीने गेली. एका पोत्यातलं मेण वितळवून गाळून पुन्हा वापरायला घेतलं होतं, कारण मेणाची खरेदी अडली होती. वितळलेल्या मेणातून निघालेले तुकडे कुठे टाकले, हे कुणालाच सांगता येईना. अटेंडंट काका एव्हाना निवृत्त झाले होते, हे एक बरं.

यादीत नोंद अशी होती: "मोम के पुराने टुकड़े।" संख्या लिहिली नव्हती. किंमत शून्य.

मी तक्रार केली. लेखी, वरपर्यंत. उत्तर यायला बरेच महिने लागले आणि उत्तर आलं ते मलाच प्रश्न विचारणारं. सदर ठोकळे भांडार पंजिकेत, म्हणजे स्टॉक रजिस्टरमध्ये, का नोंदवलेले नव्हते, याचं स्पष्टीकरण द्यावं. मी लिहिलं की ठोकळे खरेदी केलेले नाहीत, रोगनिदानातून तयार झाले आहेत, त्यांची स्वतंत्र वैज्ञानिक पंजिका आहे, ती सोबत जोडते. त्यावर उत्तर: जी वस्तू भांडार पंजिकेत नाही ती संस्थेची मालमत्ता नाही; जी मालमत्ता नाही तिचं नुकसान झालं असं म्हणता येत नाही; सबब प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे. मेण नोंदलेलं होतं, कारण ते विकत घेतलेलं. फॉर्मॅलिन नोंदलेलं होतं. कपाटं तर नोंदलेली होतीच. फक्त त्या सगळ्यांनी मिळून जे सांभाळलं होतं त्याची नोंद नव्हती. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा लिहिलं म्हणून मला समज देण्यात आली.

एका अधिकाऱ्याने चहा पाजून समजुतीने सांगितलं, "मैडम, बैल तो वैसे भी ख़त्म हो गए। किसके काम आता?"

या एका वाक्याला मी आजवर मनातल्या मनात उत्तरं देते आहे. बैल संपले म्हणूनच ते ठोकळे मोलाचे होते, हे पहिलं उत्तर. बैल असते तर पुन्हा गोळा केले असते. दुसरं उत्तर: 2005 साली कुत्र्याचा पूर्ण जीनोम वाचला गेला, टाशा नावाच्या बॉक्सर कुत्रीचा. त्यानंतर कुत्र्यांच्या कर्करोगावरचं संशोधन जगभर झपाट्याने पुढे गेलं. 2009 साली गाईचा जीनोम आला. म्हणजे आमचे ठोकळे गेल्यावर अगदी थोड्या वर्षांत ते वाचायची किल्ली जगाच्या हातात आली. डाव्या शिंगाचा बैल आणि उजव्या शिंगाचा बैल, औताचा बैल आणि गाडीचा बैल, खच्ची केलेला आणि न केलेला, यांच्या गाठींत कोणते जनुक बिघडले होते आणि तंबाखूने बिघडलेल्या गालातल्या गाठीशी त्यांचं किती जुळतं, हे आपल्याच देशातला कुणी शोधू शकला असता. कारण हा रोग आपला, बैल आपला, आणि तोंडाच्या कर्करोगाचं एवढं ओझंही आपलंच.

रजिस्टरं राहिली. ती माझ्या टेबलाच्या खणात होती म्हणून. त्यांच्या झेरॉक्स प्रती माझ्याकडे आहेत. एखाद्या घरातली सगळी माणसं जावीत आणि रेशनकार्ड तेवढं उरावं, तसं ते रजिस्टर आहे.

इतर देशांत काय चालतं ते मी वाचत असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत 2003 साली तुलनात्मक कर्करोगशास्त्राचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला, चंद खन्ना या पशुवैद्याच्या पुढाकाराने. घरात पाळलेली, आपोआप कर्करोग झालेली कुत्री उपचारांसाठी येतात, मालकाच्या संमतीने नवं औषध मिळतं, आणि जे कळतं ते माणसांच्या चाचण्यांना दिशा देतं. मोठ्या कुत्र्यांना पायाच्या हाडाचा जो कर्करोग होतो तो किशोरवयीन मुलांच्या हाडाच्या कर्करोगाचा जवळचा भाऊ. पाय न कापता हाड वाचवायच्या शस्त्रक्रिया कोलोरॅडोत कुत्र्यांवर घासूनपुसून घेतल्या गेल्या आणि मुलांना त्यांचा फायदा झाला. त्याआधी अस्थिमज्जा रोपण डोनॉल थॉमस यांनी कुत्र्यांवर वर्षानुवर्षं काम करून बसवलं. त्यांना 1990 साली नोबेल मिळालं. कोंबडीच्या गाठीतून विषाणू शोधणाऱ्या पेटन राउसने ते काम 1911 साली प्रसिद्ध केलं आणि नोबेल मिळालं 1966 साली. पंचावन्न वर्षांनी. त्याची गाठ तरी कुणी पोत्यात ओतली नाही.

आपल्याकडे माणसांच्या कर्करोगाची राष्ट्रीय नोंदणी 1981 साली सुरू झाली. जनावरांच्या कर्करोगाची तशी देशभराची नोंदणी माझ्या सबंध नोकरीत मला कामाला आली नाही. जिल्ह्याच्या दवाखान्यात गाठ कापली जाते आणि खड्ड्यात टाकली जाते. म्हणून जे तरुण डॉक्टर हे वाचत असतील त्यांना सांगते. गाठ कापली की बोटभर तुकडा घ्या. जाड ठेवू नका. जाड तुकड्याच्या पोटात फॉर्मॅलिन पोचत नाही आणि तो आतून सडतो. तुकड्याच्या दसपट फॉर्मॅलिन घ्या. वय, जात, लिंग, काम, सगळं पेन्सिलीने लिहून चिठ्ठी बरणीच्या आत टाका, शाई पुसली जाते. आणि हो, कितीही हास्यास्पद वाटलं तरी बरणीची नोंद स्टॉक रजिस्टरात करा.

कुत्री पाळणाऱ्यांनाही सांगायचं आहे. कुत्रीच्या स्तनातली बारीक गाठ "बघू पुढे" म्हणून सोडू नका. पहिल्या माजाआधी नसबंदी केली तर हा कर्करोग होण्याचा धोका नगण्य उरतो, हे 1969 पासून माहीत आहे. निवृत्त होऊन सीपरी बाज़ारात परत आल्यापासून माझ्याकडे लोक कुत्री घेऊन येतात, मी दवाखाना चालवत नसले तरी. समोरच्या गल्लीतल्या एका भटक्या कुत्र्याच्या इंद्रियातून रक्त गळायचं. लोक दगड मारायचे. त्याला होता तो संसर्गजन्य कर्करोग, संभोगातून पसरणारा. यात कर्करोगाच्या जिवंत पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जातात. हजारो वर्षांपूर्वीच्या कुणा एका कुत्र्याच्या त्या पेशी. तो कुत्रा केव्हाच मेला, त्याची गाठ जगभर फिरते आहे, सीपरी बाज़ारातही. आणि तिच्यावर व्हिन्क्रिस्टीन हे औषध आठवड्याला एक सुई, असं काही आठवडे दिलं की ती बहुधा पूर्ण विरघळते. व्हिन्क्रिस्टीन सदाफुलीतून निघतं. आमच्या मागच्या अंगणात तुळशीशेजारी आईने लावलेली सदाफुली आहे. याच औषधाने ल्युकेमियाची मुलं वाचतात. एका स्थानिक पशुवैद्य मित्राने सुया दिल्या, गल्लीतल्या पोरांनी कुत्रा धरला, कुत्रा बरा झाला. अलीकडे तो मिठाईवाल्याच्या दारात बसलेला असतो आणि मिठाईवाला त्याला हाकलत नाही.

हे लिहिताना मला वाटतं की असा एक कुत्रा बरा करणं हे माझ्या सगळ्या ठोकळ्यांहून मोठं काम आहे. दुसऱ्या दिवशी वाटतं, नाही. त्या सुईच्या मागे कुणीतरी कधीतरी ठेवलेले हजारो ठोकळे आहेत. दोन्ही मला खरं वाटतं आणि मी त्याचा मेळ घालू शकलेले नाही.

बैलांविषयीही तसंच. ट्रॅक्टर आला, बैल गेले, त्यांच्याबरोबर शिंगाचा कर्करोगही जाईल, एक यातना कमी होईल, असं मी पूर्वी म्हणायचे. बुंदेलखंडात आता अन्ना, म्हणजे मोकाट सोडलेल्या, जनावरांचे कळप आहेत. दूध आटलं की गाय सोडून देतात, गोऱ्हे तर जन्मतःच नकोसे. शिवपुरी रस्त्यावर रात्री ती बसलेली असतात. त्यांना जू नाही, दोर नाही, शिंगांना रंग नाही, कुणी शिंगं साळत नाही. आणि कुणी त्यांच्या नाकपुडीकडेही पाहत नाही. यांच्यात हा रोग कमी दिसला तर दोर आणि साळणं यांवरचा जुना संशय पक्का होईल. तेवढाच दिसला तर वंश आणि ऊन यांच्याकडे पाहावं लागेल. प्रश्न इतका साधा आणि जनावरं दारात.

म्हणून हिवाळ्यापासून मी त्या पशुवैद्य मित्राबरोबर जवळच्या एका गोशाळेत जाते. मी शिंगांची बुडं चाचपते, तो लिहून घेतो. गोशाळेच्या व्यवस्थापकांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "बाई साहब, इससे गाय को क्या मिलेगा?" मी त्यांना म्हटलं, जिचं शिंग मऊ लागेल तिचं ऑपरेशन फुकट होईल. त्यांना ते पुरेसं वाटलं. मित्राला नाही वाटलं. परतताना तो म्हणाला की तुम्ही त्यांना संशोधनाचं का सांगितलं नाही, माणसांच्या कर्करोगाचं सांगितलं असतंत तर ते जास्त खूश झाले असते, देणगीदारांना दाखवायला झालं असतं. यावरून आमचा गाडीत वाद झाला आणि अजून मिटलेला नाही. मी म्हणते, गाईसाठीच सांगायचं. तो म्हणतो, मग बरण्या कशाला नेता?